जांभई आली की भीती वाटते

पत्र :

ताई, मी अडतीस वर्षांची. मूळची सांगलीची, गेली अकरा वर्षं अमेरिकेत, फ्लोरिडात टँपाजवळ राहते. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. घटस्फोट झाला त्या वर्षी कुणीतरी हातात मोफत व्यक्तिमत्त्व चाचणीचं कार्ड ठेवलं आणि मी सायंटॉलॉजी या तिथल्या धार्मिक संस्थेत गेले. तीन वर्षं होते. त्यांनी माझं वाईट केलं अशी माझी तक्रार नाही. खरं तर इतकं मन लावून माझं आजवर कुणीच ऐकलं नव्हतं. मग बाबांच्या आजारपणात अडीच महिने सांगलीला राहिले आणि परत गेल्यावर तिकडे पाऊलच वळलं नाही. त्याला चौदा महिने झाले.

पण ते माझ्यातून जात नाही. मीटिंगमध्ये जांभई आली की दचकते, कुठला शब्द न समजता पुढे गेले ते शोधत बसते. ताप आला, गाडीला ओरखडा पडला, की वाटतं, सोडलं म्हणून हे होतंय. रविवारी संध्याकाळी तर इतकं जावंसं वाटतं की एकदा गाडी काढून पार्किंगपर्यंत गेले. घरासाठी बाजूला ठेवलेले पैसे तिथे खर्च झाले, हे दादाला माहीत नाही. तो सांगलीच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी माझा वाटा मागतोय. एका मराठी मैत्रिणीला मीच तिथे नेलं होतं. ती अजून तिथेच आहे, माझ्या दोन मेसेजना तिचं उत्तर नाही. मावसभाऊ हसतो, 'टॉम क्रूझचा तो धर्म ना? परग्रहवाला?' मी शिकलेली बाई. इतकी मूर्ख आहे का मी? आणि मूर्ख नसेन, तर परत का जावंसं वाटतं?

टँपाहून एक वाचक

उत्तर :

प्रिय सांगलीकर,

तुला 'तू'च म्हणते. माझी धाकटी बहीण तुझ्याहून चारच वर्षांनी मोठी आहे आणि 'अहो-जाहो' करत हे सगळं लिहिणं मला जमायचं नाही.

तुझ्या पत्रातल्या त्या पार्किंगपाशी मी अडले. गाडी काढलीस, तिथवर गेलीस, आणि मग? उतरलीस का, किती वेळ बसलीस, घरी कशी आलीस, यातलं काहीच लिहिलं नाहीस. लाज वाटली असणार. मला मात्र अख्ख्या पत्रात धीर देणारी जागा तीच वाटली. एवढी ओढ असताना तू माघारी फिरलीस, आणि तेही कुणी अडवलं म्हणून नाही.

मूर्खपणाचं आधी मिटवू. मंद किंवा आळशी माणसाला तिथे तीन वर्षं काढताच येत नाहीत. ती जाडजूड पुस्तकं, शब्दकोश जवळ ठेवून तासन्‌तास केलेले कोर्स, प्रत्येक पायरीची परीक्षा. हे अभ्यासू माणसाचं काम आहे, आणि सांगली ते टँपा हा प्रवास तू अभ्यासाच्याच जोरावर केलास. पॉल हॅगिस हा ऑस्कर मिळालेला पटकथाकार-दिग्दर्शक तिथे तीस वर्षांहून जास्त काळ होता, २००९ मध्ये बाहेर पडला. अभिनेत्री लिआ रेमिनी लहानपणीच तिथे गेली आणि बाहेर पडायला तिला २०१३ उजाडलं. तुझी तीन वर्षं त्यापुढे फार नाहीत. तुला हे ऐकून बरं वाटावं म्हणून सांगत नाही. अक्कल आणि ही ओढ या दोन वेगळ्या खोल्यांत राहतात, एवढंच सांगायचंय.

तू गेलीस ते घटस्फोटाच्या वर्षी. ती चाचणी दोनशे प्रश्नांची असते, तिच्या नावात 'ऑक्सफर्ड' आहे आणि त्या विद्यापीठाशी तिचा काडीचाही संबंध नाही. उत्तरांचा आलेख निघतो, आलेखात कुठेतरी रेघ खाली घसरलेली असते आणि समोरचा माणूस तिथे बोट ठेवतो. नव्या माणसाशी कसं बोलायचं याची तिथे रीतसर शिकवण आहे. त्यात एक पायरी अशी, की या माणसाचं आयुष्य नेमकं कशानं नासतंय ते शोधायचं. त्यांच्या भाषेत 'रुइन'. आता घटस्फोट होऊन सहा महिने झालेल्या, घरी फोनवर 'मी मजेत' म्हणणाऱ्या बाईचा रुइन शोधायला आलेख कशाला लागतो? तुझ्या तोंडावर लिहिलेला असणार. फक्त तो वाचण्याची तसदी तोवर कुणी घेतली नव्हती. आम्हीही नाही. आपल्या घरांतून घटस्फोटित मुलीला 'जेवलीस का' विचारतात, त्यापलीकडचं विचारायची कुणाची छाती होत नाही.

आता त्या खोलीत जाऊ, जिथे तुझी 'ऑडिटिंग'ची सत्रं व्हायची. दोन्ही हातांत एकेक धातूचा डबा, टेबलापलीकडे एक माणूस, त्याच्यापुढे सुई हलणारं यंत्र. तो प्रश्न विचारतो, तू उत्तर देतेस, तो 'थँक यू' म्हणतो आणि पुन्हा विचारतो. मधे तोडत नाही, सल्ला देत नाही, 'माझ्या चुलतबहिणीचंही असंच झालं' असं म्हणत नाही, मोबाइल बघत नाही. तास-दीड तास. तिसऱ्यांदा, सातव्यांदा तीच आठवण सांगताना तिची धार बोथट होते, कधी रडू येतं, कधी एकदम हसू फुटतं. सुई संथपणे इकडून तिकडे तरंगायला लागली की सत्र संपतं. तू बाहेर येतेस ती पिसासारखी हलकी होऊन.

तो हलकेपणा खरा होता. हे मी ठासून लिहिते, कारण बाहेर पडलेल्या माणसाला सगळे सांगत सुटतात की ते सारं खोटं होतं, आणि त्याला मनातून पक्कं माहीत असतं की खोटं नव्हतं. मग सांगणाऱ्यांवरचा विश्वासच उडतो. तीस वर्षं लोकांचं ऐकण्याचाच माझा धंदा. कुणी न टोकता तासभर ऐकलं तर माणूस हलका होतो, त्याला ना डबे लागतात ना सुई. शिवाय सत्र नेहमी बरं वाटत असतानाच थांबवायचं, मग आठवण राहते ती बरं वाटल्याचीच. यंत्र मोजतं ते तळहाताचा विजेला होणारा विरोध. घाम, पकड, श्वास, अस्वस्थता, कशानेही तो बदलतो. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनानं १९६३ मध्ये धाड घालून ही यंत्रं जप्त केली होती. खटला रेंगाळला, आणि १९७१ मध्ये न्यायालयानं सांगितलं की धार्मिक कामासाठी वापरा, पण रोगाचं निदान किंवा उपचार याने होत नाहीत अशी सूचना द्यायला हवी. म्हणजे सुईला तुझं मन कळत नव्हतं. समोरच्या माणसाला थोडंफार कळत असेल.

तर खरं काय आणि खोटं काय याची फोड अशी कर : हलकं वाटलं ते खरं. ते कशामुळे वाटलं याचं जे स्पष्टीकरण तुला देण्यात आलं, ते शंकास्पद. आणि त्या स्पष्टीकरणाच्या मागोमाग जी पावती फाटली, तिचा त्या हलकेपणाशी संबंधच नव्हता. तिन्ही गोष्टी एकाच खोलीत, एकाच तासात घडल्या म्हणून मनात त्यांची गाठ बसली. सुटायला वेळ लागतो तो त्या गाठीमुळे.

ते स्पष्टीकरण आलं कुठून, तेही बघ. एल. रॉन हबर्ड (१९११–१९८६) हा स्वस्त मासिकांतून विज्ञानकथा, साहसकथा लिहिणारा लेखक. भयंकर वेगानं लिहायचा. १९५० मध्ये त्यानं 'डायनेटिक्स' छापलं : जुन्या दुखऱ्या प्रसंगांचे ठसे मनात साठतात, ते पुसले की माणूस 'क्लिअर' होतो. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतरचे दिवस, मानसोपचार महाग, सैनिक घरी परतलेले, झोप उडालेले. पुस्तक तडाखेबंद खपलं. चार वर्षांत त्याचं चर्च झालं, आणि या जन्मीचे ठसे पुरेनात म्हणून मागचे जन्म आले. इथे तुझी एक वेगळी अडचण झाली असणार. अमेरिकी माणूस पूर्वजन्म म्हटल्यावर एकदा तरी थबकतो. तू सांगलीची, तुझ्या आजीनं 'मागच्या जन्मीचं देणं' हा शब्द भांडी घासतानासुद्धा वापरला असेल. तुला ते घरच्यासारखं वाटलं. हबर्ड तर आपल्या शिकवणीचं मूळ सांगताना वेदांपर्यंत जायचा. आपल्या वेदांचं नाव कुण्या गोऱ्या माणसानं घेतलं की आपली मान जराशी ताठ होते, आणि तेवढ्यात खिसा सैल होतो. (समर्थांच्या वेळेपासून आपल्याकडे अडक्याला तीन गुरू मिळतात. हा डॉलरमध्ये होता, एवढाच फरक.)

मग तो 'पूल', म्हणजे वर वर चढायच्या पायऱ्यांचा रस्ता. क्लिअरपर्यंतच्या पायऱ्या, त्यापुढे 'ओटी' ('ऑपरेटिंग थेटन') या वरच्या दर्जाच्या आठ, त्यातली आठवी 'फ्रीविंड्स' नावाच्या जहाजावरच. सत्रं सुटी मिळत नाहीत, साडेबारा तासांचा एक गठ्ठा घ्यायचा. वरपर्यंत जायला लाखो डॉलर गेल्याचं बाहेर पडलेल्या अनेकांनी उघडपणे सांगितलंय. तुझ्या मावसभावाला ज्याचं हसू येतं ती साडेसात कोटी वर्षांपूर्वीच्या झीनू नावाच्या सम्राटाची गोष्ट ओटीच्या तिसऱ्या पायरीवर, बंद खोलीत वाचायला मिळते. १९८५ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका खटल्यात ते कागद न्यायालयाच्या दफ्तरात आले आणि वर्तमानपत्रांत छापले गेले, म्हणून आज तो चहा पिता पिता त्यावर विनोद करू शकतो. त्याला सांग, ती गोष्ट कुणी पहिल्या दिवशी सांगत नाही. तू तर त्या पायरीपर्यंत पोचलीच नव्हतीस. तू ज्यात गुंतलीस त्यात परग्रह नव्हताच. एक खुर्ची होती आणि ऐकणारा माणूस होता.

पैसे गेल्यावर माणूस शहाणा होऊन निघून का येत नाही, हे तुझ्या दादालाही कळणार नाही. १९५९ मध्ये ॲरन्सन आणि मिल्स या दोघांनी एक प्रयोग केला होता. कॉलेजच्या मुलींना एका चर्चागटात प्रवेश द्यायचा. काहींना सहज, काहींना आधी चारचौघांत संकोच वाटेल असं काहीतरी वाचायला लावून. गटातली चर्चा मुद्दाम रटाळ ठेवलेली. संकोच सोसून आलेल्या मुलींनाच ती जास्त रंगतदार वाटली. सोसलेलं फुकट गेलं हे मान्य करण्यापेक्षा, मिळालं ते मोलाचं होतं असं मानणं मनाला सोपं पडतं. आपल्याकडे लग्नाच्या हॉलचं भाडं जितकं जास्त, तितकं जेवण चांगलं होतं असं घरचे म्हणतात, तसंच हे.

आता जांभईकडे येते. तुझ्या पत्राचं काळीज तेच आहे.

शब्द न समजता पुढे गेलं की आधी डोकं रिकामं वाटतं, मग जांभया येतात आणि शेवटी माणूस अभ्यास सोडून पळतो, अशी हबर्डची शिकवण. म्हणून शब्दकोश. ऐकायला किती निरुपद्रवी! आमच्या शाळेतल्या बाईंनीही हेच सांगितलं असतं. पण ती कशी चालते बघ. तुला एखादं विधान पटलं नाही, तर ते चुकीचं असू शकतं ही शक्यताच उरत नाही. तुला एखादा शब्द कळला नसणार. पुन्हा वाच. तरी पटत नाही? तुझ्या हातून काही चुकलं असणार, जे तू लपवते आहेस. चुकलं ते 'ओव्हर्ट', लपवलं ते 'विथहोल्ड'. सोडून जावंसं वाटतं? लपवलेल्या पापांमुळेच माणसं जातात. कुणी टीका करतो? त्याचेच काहीतरी गुन्हे असणार. शंका हीसुद्धा तिथे एक 'कंडिशन' आहे, खालच्या दर्जाची, तिच्यातून बाहेर यायची कृती ठरलेली. प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार, आणि प्रत्येक उत्तरात चूक तुझीच.

अशा ठिकाणी तीन वर्षं राहिलं की बाहेरचा पहारेकरी लागत नाही. घाण्याचा बैल बघितलास कधी? मिरजेकडे पूर्वी लाकडी घाणे होते. जू काढून मोकळा सोडला तरी थोडा वेळ तो गोलच फिरतो. ताप आला तर तो फ्लोरिडातला फ्लू नसतो, तुझी कसूर असते. हीच ती फेरी. त्या फेरीला तू 'परत जावंसं वाटणं' हे नाव दिलंस. त्यातलं थोडं तिथल्या माणसांसाठी असेल, ते मी नाकारत नाही. बरंचसं मात्र दुसरंच आहे : परत गेलं की निदान ही भीती तरी थांबेल. हव्या त्या माणसाकडे जाणं वेगळं आणि दुखणं थांबावं म्हणून जाणं वेगळं. पुढच्या रविवारी दोन्हींतलं कुठलं आहे, ते स्वतःला विचार.

एक काम सांगते. ते तुलाच जमेल, टँपातल्या तुझ्या अमेरिकी ओळखीच्यांना नाही जमायचं. तिथे तुला मिळालेले सगळे शब्द इंग्रजीत आहेत. तुझ्या मराठीत ते अजून शिरलेले नाहीत. आईशी फोनवर बोलताना तू 'ओव्हर्ट' म्हणाली नसशील. रॉबर्ट लिफ्टन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं १९५० च्या दशकात चीनमधल्या विचारबदलाच्या शिबिरांतून गेलेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. अशा ठिकाणी भाषाच कशी लादलेली, ठासून भरलेली असते, हे त्यानं १९६१ मध्ये मांडलं : एक छापील शब्द फेकला की विचार तिथेच बंद. तुझ्याकडे एक अख्खी भाषा आहे जिथे हे छापील शब्द पोचले नाहीत. ती वापर.

दोनशे पानी वही घे, सांगलीत मिळायची तशी, नाही मिळाली तर कुठलीही. त्या तीन वर्षांत काय काय झालं ते मराठीत लिही. अट एकच, तिथला एकही शब्द येऊ द्यायचा नाही, देवनागरीत लिहूनसुद्धा नाही. 'ओव्हर्ट' आला की थांब आणि खरंच काय होतं ते लिही : आईवर खेकसले, ऑफिसातून खोटं सांगून लवकर निघाले. 'विथहोल्ड' म्हणजे मनात ठेवलेली गोष्ट. मनात ठेवायचा तुला हक्क आहे, त्याला आपल्याकडे पोटात ठेवणं म्हणतात आणि तो पुष्कळदा गुणच मानतात. 'सप्रेसिव्ह पर्सन'ला, म्हणजे ज्याच्यावर ते शत्रूचा शिक्का मारतात त्याला, काय म्हणशील? मी बराच वेळ विचार केला. 'टोचून बोलणारा', 'न पटणारा', 'मोडता घालणारा', जो तो वेगळा निघतो आणि शिक्का मारायची सोयच राहत नाही. आणि 'डिसकनेक्शन', म्हणजे अशा माणसाशी नातं तोडणं? संस्था म्हणते, नातं ठेवायचं की तोडायचं हा ज्याचा त्याचा निर्णय. बाहेर पडलेल्या कितीतरी लोकांनी आईबाप, मुलं दुरावल्याचं सांगितलंय. मराठीत त्या गोष्टीला दोन शब्द आहेत, वाळीत टाकणं. महाराष्ट्रानं २०१६ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. जातपंचायतींनी माणसं वाळीत टाकल्याच्या बातम्या आपण वाचत आलोय, त्यामुळे हा शब्द लिहिताना तुझा हात जरा थांबेल. थांबू दे.

पहिल्या दोन-तीन पानांत तुला चिडचिड होईल, शब्द सापडणार नाहीत. दहाव्या पानाच्या आसपास काहीतरी सरळ दिसू लागतं, असा माझा इतर लोकांबरोबरचा अनुभव आहे. ती माणसं सायंटॉलॉजीतून आलेली नव्हती. एक पुण्याजवळच्या आश्रमातून, एक 'यशस्वी व्हा'वाल्या शिबिरांच्या चक्रातून. पण शब्दांचं दुखणं तेच.

अचानक परत त्या अवस्थेत घसरणं, मीटिंगमध्ये बसल्या बसल्या तिथे असल्यासारखं वाटणं, हे तुझं एकटीचं नाही. मार्गारेट सिंगर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशा गटांतून बाहेर पडलेल्या शेकडो लोकांना भेटून १९७९ मध्ये त्यावर लिहिलं. याला त्या 'तरंगणं' म्हणायच्या. आयुष्याची गाडी रुळावर यायला त्यांच्याकडे आलेल्या बहुतेकांना सहा ते अठरा महिने लागले होते. तू चौदाव्यात आहेस. तारखेवर बोट ठेवून बसू नकोस, पण 'अजून कशी नाही सुटले' असं स्वतःला विचारायचीही गरज नाही. तरंगायला लागलीस की पाय जमिनीला टेकव, समोरच्या चार वस्तूंची नावं मराठीत मोठ्यानं म्हण. मीटिंगमध्ये मनात. वेडगळ वाटेल, उपयोग होतो. आणि आधी काय झालं होतं ते वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेव. मी पैजेवर सांगते, तिथे 'झोप कमी', 'रविवार', 'दिवसभर कुणाशी बोलले नाही' हेच पुन्हा पुन्हा येईल.

रविवार संध्याकाळ मोकळी ठेवू नकोस. मंडळात जा, ढोलताशात जा, नाहीतर कुणाच्या तरी मुलांना मराठी शिकव. देवाधर्माचं मात्र सध्या जपून. तुझी आई किंवा मावशी एखाद्या सत्संगाचा पत्ता देईल, 'आपले लोक आहेत' म्हणून. त्यात वाईट काही नसेलही. पण एका हाताचा पंजा सोडल्या सोडल्या दुसरा धरू नये. वर्षभर तरी कुठल्याही पायऱ्या, दीक्षा, लेव्हल असं काही घेऊ नकोस. रात्र-रात्र बाहेर पडलेल्यांचे व्हिडिओ बघत बसणं हेही थोडं आवर. दोन-चार पाहा, एकटी नाहीस हे कळेल. तिसऱ्या तासाला तू पुन्हा त्याच घाण्याभोवती असशील, फक्त उलट्या दिशेनं.

आता जे तू लिहिलं नाहीस त्याबद्दल. तू डॉक्टरकडे न जाता हजारो मैलांवरच्या सदराला पत्र लिहिलंस. मला वाटतं, त्यामागे तीन वर्षांची शिकवण आहे. मानसोपचाराशी त्यांचं हाडवैर, १९६९ मध्ये त्यासाठी वेगळी संस्थाच काढली, हॉलिवूडमध्ये मानसोपचार म्हणजे मृत्यूचा उद्योग असं सांगणारं संग्रहालय आहे. इतकं ऐकल्यावर थेरपिस्टच्या दारावरची बेल दाबायला बोट उचलत नाही. माझ्या मते तू जावंस. फोन करतानाच विचार : 'अशा गटांतून बाहेर आलेल्या लोकांबरोबर काम केलंय का?' नसेल तर दुसरा बघ. पहिल्या भेटीत हात रिकामे असतील, सुई नसेल, आणि तुला वाटेल की इथे काहीच घडत नाहीये. तीन-चार भेटी दे. थेरपिस्ट मधेच तुला अडवेल, 'मला हे पटत नाही' म्हणेल. त्याचं तुला बरं वाटायला लागलं की समज गाडी वळली. आणि एखाद्या रात्री जगणंच नकोसं वाटलं, तर तिथे ९८८ हा नंबर आहे, चोवीस तास. त्याला कसलीही पात्रता लागत नाही.

सत्रांत सांगितलेलं सगळं लिहून ठेवलेलं असतं, हे तुला माहीत आहे, आणि त्याचीही भीती असणार. त्यातली जी एक गोष्ट कुणाला कळली तर मेल्याहून मेल्यासारखं होईल असं वाटतं, ती तू आपणहून एका भरवशाच्या माणसाला सांग. एकालाच. मग त्या फाइलीत तुझं म्हणण्यासारखं फारसं उरत नाही.

ही संस्था धर्म की धंदा, या वादात मी शिरत नाही. अमेरिकेनं १९९३ मध्ये तिला करमाफी दिली, जर्मनीच्या गुप्तचर यंत्रणेनं १९९७ मध्ये तिच्यावर नजर ठेवायला सुरुवात केली, फ्रान्सच्या न्यायालयानं २००९ मध्ये तिला फसवणुकीसाठी दोषी धरलं. तू कुठल्या देशात बसून विचारतेस त्यावर उत्तर ठरतं. तुला बरं व्हायला तो निकाल लागायची गरज नाही. पैसे परत मागायचे मनात असेल तर मात्र आधी काहीही लिहून देऊ नकोस, सही केलेले सगळे कागद घेऊन वकिलाला भेट. अशा करारांत वाद त्यांच्याच लवादापुढे नेण्याचं कलम असतं. तुझ्या टँपाच्याच फेडरल कोर्टात एका जोडप्यानं लावलेला खटला त्यावर अडला, आणि २०२१ मध्ये वरच्या कोर्टानंही ते कलम उचलून धरलं. तेव्हा आशा बेतानं ठेव.

मैत्रिणीचं ओझं तुझ्या पत्रात एका ओळीत आलंय आणि मला ते सगळ्यात जड वाटलं. तू तिला फसवलं नाहीस. तुला खीर गोड लागली, तू तिला वाटीभर दिलीस. आता तिला समजवायला जाऊ नकोस, लिंका तर मुळीच पाठवू नकोस. तू जितकं विरुद्ध बोलशील तितकी तिच्या शिकवणीतल्या टीकाकाराच्या साच्यात बसशील. साधं लिही. तिच्या आईच्या गुडघ्याचं विचार, संक्रांतीला तिळगुळाचा फोटो पाठव, वाढदिवसाला एक ओळ. उत्तर येवो न येवो, महिन्या-दोन महिन्यांनी. कामात असेल, बोलायचं नसेल, आपल्याला माहीत नाही. कधीतरी तीही एखाद्या पार्किंगमध्ये गाडीत बसेल, तेव्हा फोनमध्ये वरच्या पाच नावांत तुझं नाव असावं, एवढंच तुझ्या हातात आहे.

राहिला दादा. गच्चीच्या पैशांसाठी तू सबबी सांगते आहेस. तो मनात म्हणत असेल, हिला आईबापांच्या घराचं काही पडलेलं नाही. पैसे गेले ते गेले, हा गैरसमज का वाढवतेस? तुझ्याकडे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा सांगलीत सकाळचे साडेसात असतात, हिवाळ्यात तुमचं घड्याळ मागे गेलं की साडेआठ. त्या वेळी तो बाहेर चालायला गेलेला असेल, म्हणजे वहिनीसमोर बोलायचा प्रश्न नाही. धर्म, ऑडिटिंग, हबर्ड असलं काही समजावत बसू नकोस. त्याला एवढंच सांग : घटस्फोटानंतर मी फार एकटी पडले होते, एके ठिकाणी खूप पैसे घातले, आता तिथे जात नाही, गच्चीचा माझा वाटा तीन हप्त्यांत देते. तो आधी चिडेल. मग बहुधा विचारेल, 'मला का नाही सांगितलंस?' त्याचं उत्तर आत्ताच ठरवून ठेवू नकोस.